बुधा आबांचा कच्चा कागद

बुधा आबांच्या दुकानात शिरणाऱ्याला आधी त्यांच्या डाव्या हाताचं बोट दिसायचं. वर केलेलं. त्याचा अर्थ: थांबा, मोजणी चालू आहे.

शिंदखेड्याच्या स्टँडपासून दोन गल्ल्या आत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, गिरणीच्या, पंख्याच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायची, हे काम. दोन-चार वेढे कमी पडले तर मोटार बंद पडत नाही, नुसती तापत राहते. "चालस, पन सुखमा नही चालस," आबा म्हणायचे. त्यामुळे मोजणीच्या मध्ये ते कुणाशीच बोलत नसत. एकदा तालुक्यातले एक पुढारी तावातावानं आत आले. "काय बुधा, मनी मोटार कव्हय देशी?" आबांनी बोट वर केलं. पुढारी, त्यांच्यामागचे दोघं, असे सगळे देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. शेवटचा वेढा पडला, तारेला गाठ बसली, मग आबांनी मान वर केली. "हां, बोला. आते कितलं बी बोला."

मी धुळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. कॉलेजच्या लेथची मोटार जळाली म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पाठीमागच्या फळीवर, तारेवर फासायच्या लाखेच्या, म्हणजे शेल्लॅकच्या डब्यांशेजारी, उघड्या सांगाड्याचा एक रेडिओ कुरकुरत होता. आबांनी तो स्वतः जुळवला होता. आमच्या जिल्ह्यात तेव्हा हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या रेडिओवरून लांबच्या माणसांशी बोलण्याचा परवाना असलेली माणसं बोटांवर मोजण्याएवढी होती, आणि त्यातला एक हा, अंगावर ग्रीसचे डाग असलेला गृहस्थ असेल असं मला वाटलं नव्हतं. हे मी कबूल करतो. पुढे जे कबूल करायचं आहे त्याच्या मानानं हे काहीच नाही.

हौशी रेडिओच्या परवान्याच्या दोन पायऱ्या असतात. आमच्या वेळी खालच्या परवान्यावर जवळच्या पल्ल्याचंच बोलता यायचं. शिंदखेड्याहून दोंडाईचा, हवा चांगली असली तर धुळं. वरच्या परवान्यावर लांब पल्ल्याच्या लघुलहरी उघडायच्या, म्हणजे एका तारेच्या जोरावर थेट आसाम, सिलोन, कुठेही. पण त्यासाठी मोर्सची परीक्षा द्यावी लागे. कानात टिंबं आणि रेघा वाजतात, त्या ऐकत ऐकत कागदावर इंग्रजी अक्षरं उतरवायची.

आबांकडे खालचा परवाना होता. बोलायला मर्यादा, पण ऐकायला कोण अडवतो? रोज सकाळी सातला लांब पल्ल्याच्या पट्टीवर मराठी बोलणाऱ्यांची एक बैठक भरायची. बडोद्याचे एक निवृत्त इंजिनिअर, इंदूरच्या एक बाई, हैदराबादचे एक वकील, आणखी पाचसात जण. आबा चहाची बशी तोंडाला लावून ती बैठक ऐकत. वकिलांचा गुडघा, इंदूरच्या बाईंच्या नातीची सोयरीक, बडोद्याचं पाणी, सगळं त्यांना पाठ. त्या मंडळींना मात्र आबा नावाचा माणूस जगात आहे याचा पत्ता नव्हता. ताराअक्का, आबांच्या घरच्या, आतून म्हणायच्या, "त्यास्ना घरमा काय भाजी व्हयनी ते यास्ले बठ्ठं ठाऊक. आपला घरमा काय व्हयनी ते इचारा बरं!"

वकिलांच्या आवाजामागे सारखी एक घरघर यायची. आबांनी दोन दिवस कान लावला आणि पोस्टकार्ड लिहिलं. लिहिताना आबांची भाषा एकदम इस्त्रीची होई. "आपल्या वाणीमागे घरघर ऐकू येते. आपल्या वीजपुरवठ्यातील मोठा कंडेन्सर थकला आहे, कृपया बदलावा. कळावे." खाली नाव न घालता फक्त गाव लिहिलं. आठवड्यानं वकिलांचा आवाज स्वच्छ आला, आणि त्यांनी सगळ्यांसमोर शिंदखेड्याच्या अज्ञात मित्राचे आभार मानले. आबा हसून हसून बेजार. मला म्हणाले, "दख सुधाभाऊ, मी अज्ञात शे!"

हसणं थांबल्यावर रेडिओकडे बघत ते म्हणाले, "एकदाव त्या बैठकमा हजेरी लावानी शे. जास्ती नही. एकच वाक्य."

"कोणतं वाक्य?"

त्यांनी बसल्या बसल्या पाठ ताठ केली. "मी शिंदखेड्याहून बोलत आहे. आपण सर्व मला स्पष्ट ऐकू येत आहात." मग लाजले. ते वाक्य त्यांनी कितीदा घोकलं असेल देव जाणे.

आम्ही दोघं मोर्स शिकायला लागलो. मी दर रविवारी एस.टी.नं शिंदखेड्याला जायचो. आबांना इंग्रजी अक्षरं येत होती, पण शाळा सातवीपर्यंतची आणि हात मराठीचा. इंग्रजी अक्षर काढायला त्यांना माझ्या दुप्पट वेळ लागे. एक लिहीपर्यंत पुढची दोन वाजून जात. म्हणून त्यांनी स्वतःची युक्ती काढली. प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक मराठी अक्षर नेमून टाकलं. एम वाजला की म, के वाजला की क. क्यूसाठी त्यांनी क्ष ठेवला होता, कारण "दोन्ही बी कामले कमीच येतस." पेन्सिलीनं मराठीत भराभर कच्चं उतरवायचं आणि मग बसून त्याचं इंग्रजी करायचं. त्यांचा कान असा तयार होता की मी थक्क व्हायचो. इकडे माझा हात चालायचा, पण कान अडखळायचा. पाचव्या-सहाव्या अक्षराला मी मागे पडायचो ते पडायचोच. आबा धीर देत म्हणायचे, "व्हई, व्हई. वेढा मोजाना तसं शे, मनमा दुसरं काई आनू नको." माझ्या मनात नेमकं दुसरंच असायचं. कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं मला सगळ्यांदेखत "बाटल्या धुणारा" म्हटलं होतं. वरचा परवाना मिळवून त्याच्या तोंडावर मारायचा, हे माझं मोर्स.

परीक्षा नाशिकला होती. आम्ही दोघं शेजारी बसलो. मी त्यांच्या उजवीकडे. टिंबं वाजायला लागली आणि माझं जे व्हायचं तेच झालं. सहाव्या अक्षराला धागा सुटला. मी डावीकडे पाहिलं. आबांची पेन्सिल कच्च्या कागदावर मराठीत धावत होती. न थांबता, एका चालीत.

ती अक्षरं जगात फक्त दोन माणसांना वाचता येत होती. त्यातला दुसरा मी होतो.

मी ती वाचली. त्यांच्या मराठीचं माझ्या छापील फॉर्मवर इंग्रजी करत गेलो. माझा हात जलद, त्यामुळे वेळ संपायच्या आत माझं पूर्ण झालं. आबांचं इंग्रजीत निम्मंच उतरलं होतं तेव्हा घंटा झाली. त्यांनी निम्मा फॉर्म आणि त्याला जोडून कच्चा कागद असं दोन्ही दिलं. "बठ्ठं शे त्यामा," त्यांनी मला जिन्यात सांगितलं, "मराठीमा लिखेल शे, वाची लेतीन."

मी पिशवी विसरलो म्हणून परत वर गेलो. शिपाई फॉर्मांची चळत लावत होता. नियम फॉर्मवरच छापलेला होता, फक्त फॉर्म तपासला जाईल. त्यानं सुटे कागद काढून टोपलीत टाकले. सगळ्यात वर आबांची पेन्सिल होती. मी पिशवी घेतली आणि खाली आलो. जिन्याखाली आबांनी दोन भजी माझ्यासाठी ठेवली होती.

निकाल आला. मी उत्तीर्ण, एकही चूक नाही. आबा अनुत्तीर्ण. अनुत्तीर्णाला कारण लिहिलेलं नसतं, एकच शब्द असतो. मला वाटलं होतं आबा म्हणतील, निम्मं राहिलं म्हणून गेलं, पुन्हा बसू. पण ते वेगळंच बोलले. "मराठी कागद वाचा त्यास्नी, तरी नापास. म्हंजे मना कानच कच्चा शे." सरकारला दिलेला कागद सरकार वाचत नाही, हे त्यांच्या डोक्यातच येईना. नाशिकच्या कचेरीत मराठी वाचणारा माणूस नसेल असं कसं होईल? मी म्हणालो, "आबा, पुन्हा बसून बघा ना." ते म्हणाले, "नही रे भाऊ. बठ्ठं ध्यान लाईसन लिखं व्हतं. त्येबी चुकनं तर आते काय करू?"

त्यांचा कान कच्चा नव्हता, हे जगात मला एकट्याला पक्कं ठाऊक होतं. माझा निकाल हाच त्याचा पुरावा होता. पण ते सांगायचं तर मला कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो. आधी आठवडाभर, मग वर्षभर, मग त्याची सवय झाली.

वरचा परवाना मिळाल्यावर माझी बढती झाली. कॉलेजात नव्हे, जळगावच्या आमच्या हौशी रेडिओ मंडळात. मी चिटणीस झालो. एका हिवाळ्यात आम्ही मेहरूणच्या तलावाकाठी दोन झाडांत तार बांधून रेडिओ लावला. आबा मुद्दाम शिंदखेड्याहून आले होते, तारेचे ताण तेच बघत होते. सकाळी सातला बैठक भरली. हैदराबादचे वकील बोलायला लागले. मी माइक आबांच्या हातात दिला. "बोला आबा. परवाना माझा आहे, मी बाजूला उभा आहे. कोण बघतंय?"

आबांनी माइककडे पाहिलं. अंगठा बटणावर गेला. मग त्यांनी तो धोतराला पुसला आणि माइक मला परत दिला. "नही. परवाना तुना, आवाज बी तुनाच पाहिजे. तू मेहनत करीसन लिधा."

मी त्या दिवशी बैठकीत हजेरी लावली. शेजारी आबा माझा आवाज कसा जातो ते लक्ष देऊन ऐकत होते.

मग तो वाद आला. खालच्या परवानेवाल्यांनाही मोर्सशिवाय लांब पल्ल्याच्या पट्ट्यांवर बोलू द्यावं, थोडी जास्त शक्ती वापरू द्यावी, अशी मागणी ठिकठिकाणच्या मंडळांतून निघाली. दिल्लीला निवेदन जायचं होतं. आमच्या मंडळानं पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा, हे ठरवायला कांतीलालशेठच्या दुकानावरच्या माडीवर सभा भरली. कांतीलालशेठ अध्यक्ष, विजेच्या सामानाचे व्यापारी, मारवाडी वळणाचं मराठी बोलणारे.

"असं दार उघडलं तर उद्या पानटपरीवाला पण माइक घेऊन बसेल," शेठ म्हणाले.

"बसू द्या की शेठ," एक तरुण डॉक्टर म्हणाला. "तुमच्यापेक्षा थोडक्यात बोलेल."

माडी हसली. शेठही हसले. पण मग वाद तापला. डॉक्टर म्हणत होता, पूर आला, टॉवर बंद पडले, की गावागावात बोलू शकणारी माणसं लागतात, टिंबं मोजणारी नव्हे. जुने म्हणत होते, आधीच पट्टीवर गोंगाट, शिस्त नाही, त्यात भर. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. मग शेठ म्हणाले, "चिटणीसांनी सांगावं."

मी उभा राहिलो. मी काय बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मोर्स ही नुसती परीक्षा नाही, ती साधना आहे. आम्ही रविवार-रविवार घासून ती मिळवली. ज्याला लांब जायचं त्यानं पायरी चढून जावं, पायरी खाली आणू नये. टाळ्या पडल्या. चोरून मिळवलेली वस्तू माणूस किती घट्ट धरतो, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही. मला त्या टाळ्या खऱ्या वाटल्या.

हात मोजले. दोन्हीकडे सारखे. शेवटच्या रांगेत आबा हात वर न करता बसले होते.

"आबा, तुमचं काय?" शेठनं विचारलं. "तुमच्यावर आलंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. या सवलतीचा पहिला फायदा कुणाला होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आबा खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले. "सुधाभाऊ बोलना ते बरोबर शे. मी परीक्षामा बसनू, नापास व्हयनू. मना कागद सरकारनी वाचा, चुकेल व्हता. चुकेल मानूसनी मांगला दारथून जावानं नही." आणि त्यांनी विरोधाच्या बाजूनं हात वर केला.

तो क्षण होता. मी टेबलाजवळच उभा होतो, एक वाक्य पुरलं असतं. मी वही उघडली आणि एका मताच्या फरकानं विरोधाचा ठराव संमत, असं लिहिलं. दिल्लीचं पत्रही मीच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

त्यानंतर मी शिंदखेड्याला जाणं कमी केलं. कारणं सापडत गेली. यंदा संक्रांतीच्या आधी अक्कांचा फोन आला. "यास्नी रेडिओ बंद करी टाका, भाऊ. ऐकाले येत नही म्हनतस. फळीवर फडकं टाकी दिधं. तुम्ही या एकदाव."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. वर्षानुवर्षं ग्राइंडरच्या आवाजात बसून आबांचे कान गेले होते. दुकानात ते एका पंख्याच्या आरमेचरवर, तार भरायच्या गाभ्यावर, वाकले होते. मी समोर बसलो. घरून वाक्यं ठरवून आणली होती, हळू आवाजात सांगायची.

"आबा, तुम्हाला एक सांगायचंय."

"मोठानी बोल."

"परीक्षेबद्दल."

"मोठानी बोल रे भाऊ, ऐकाले येत नही."

मग मी ओरडलो. दुसरा इलाज नव्हता. "मी परीक्षेत तुमचा कागद बघून लिहिलं!"

शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं.

"कोनता कागद?"

"कच्चा! मराठीतला!"

मी शिव्यांची वाट पाहत होतो, खरं तर मला त्या हव्या होत्या. आबांनी विचारलं, "आनि तू पास व्हयना."

"हो."

"कितला चुकना तुना?"

"एक पण नाही! सगळं बरोबर!"

त्यांनी आरमेचर खाली ठेवलं. "म्हंजे मनं बरोबर व्हतं."

"हो आबा."

"मंग सरकारनी वाचा त्यामा..."

"वाचलाच नाही! शिपायानं टोपलीत टाकला! मी पाहिलं!"

"तू दखं," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. "आनि इतला वरीस..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

अक्का चहा घेऊन आल्या. "काय व्हयनं? कसाले वरडी राह्यना तुम्ही?"

"तारा, मी पास व्हतू," आबा म्हणाले. लहान पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "दख ना, मना कान कच्चा नव्हता. बठ्ठं बरोबर व्हतं!"

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. "मंग मीटिंगमा का बरं नही सांगं, भाऊ?"

मी म्हणालो, चिटणीसपद सोडतो. दिल्लीला दुसरं पत्र लिहितो, पहिलं कसं लिहिलं गेलं तेही त्यात सांगतो. परवाना परत करतो. हे सगळंसुद्धा ओरडूनच सांगावं लागलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोटारीबद्दल विचारावं तसं विचारलं, "परवाना परत दिधा तर मना कान परत येई का?"

पत्र मी लिहिलं. पद सोडलं. मागणीचं पुढे काय होईल ते दिल्लीला ठाऊक. आबा फाल्गुनात गेले. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी.

मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी मनगट धरून मला खाली बसवलं. "परीक्षाना उतारामा काय व्हतं, आठवस का तुले?"

मला एक अक्षर आठवत नव्हतं. मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

"माले आठवस," आबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. शेल्लॅकच्या डब्याखालचा एक पिवळा कागद आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवली, आणि तोंडानं बोलायला लागले. "दि-दा. दा-दि-दि-दि. दि. दा-दि-दा..." एका चालीत, न थांबता, स्वतःला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं. शिंपी दारात येऊन उभा राहिला. अक्का तिथेच होत्या. मी पेन्सिल धरली. पहिलं अक्षर लिहिलं, दुसरं लिहिलं. सहाव्याला धागा सुटला. पुढची अक्षरं माझ्या डोक्यावरून जात राहिली आणि माझा हात कागदावर तसाच राहिला.

उतारा संपवून आबांनी डोळे उघडले. कागद ओढून पाहिला. पाच अक्षरं आणि खाली सगळं कोरं. कोऱ्या भागावरून त्यांनी बोट फिरवलं. मग कागद त्यांनी पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"व्हई, व्हई," ते म्हणाले. "आते मी सावकाश सांगस. लिख."

आणि त्यांनी पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.